काटा आठावर होता

"तिसऱ्यांदा? बापू, ही मोटर हाय का होळीतलं लाकूड? दर महिन्याला जळायलीय ती."

"मला कामून इचारतीस बाई? भरली तू, उतरवली उमाशंकरनं. म्या तर नुसता वाहून आणतो. गाढवाचा जलम माझा." तळेगव्हाणच्या पाणी कमिटीचे भुजंगबापू छोटा हत्ती टेम्पोच्या फाळक्यावरून उतरले आणि धोतराला लागलेला गाळ झटकत म्हणाले, "आता नीट ऐक. मीटिंगीत ठरलंय. ही शेवटची. आता जळली की मोटर थेट नांदेडला. आन् पोरं म्हणायलेत, मोबाईलच्या ग्रुपात टाकू, मुखेडच्या बाईकडं कुणी मोटर देऊ नका म्हणून."

"तुमी काय म्हणलाव?"

"म्या काय म्हणू? आमच्या घरची म्हातारी घागर घेऊन ओढ्याला गेली. परत आल्यावर तिनं ज्या शिव्या दिल्या, त्या म्या मीटिंगीत सांगितल्या. तुझ्या वाटच्या येगळ्या, उमाशंकरच्या येगळ्या, माझ्या येगळ्या."

"माझ्या वाटच्या कोणत्या होत्या?"

"जाऊ दे. तू बाईमाणूस."

तुळजाबाई हसली नाही. एरवी हसली असती. तिनं मोटरच्या तोंडाचे नट सोडले, आतलं काळं पाणी घमेल्यात ओतलं आणि नाकाशी नेऊन वास घेतला. जळक्या प्लॅस्टिकचा वास. वासावरनं किती दिवस भाजत होती ते तिला कळायचं. ही बरेच दिवस भाजली होती.

मुखेडच्या बसस्टँडामागं, पिठाच्या गिरणीला लागून एक पत्र्याचं दुकान आहे. पाटीवर अजून 'दस्तगीर मोटार वाइंडिंग' असंच लिहिलेलं आहे. दस्तगीर उस्ताद जाऊन पाच वर्षं झाली. पाटी बदल म्हणून तुळजाबाईला पुष्कळांनी सांगितलं, ती म्हणायची, "पाटीवर त्यांचं नाव हाय म्हणून तर माझा हात सरळ चालतो."

ती या दुकानात आली होती गिऱ्हाईक म्हणून. माहेर देगलूरकडचं, सासर मुखेडपासून दोन कोसांवर. नवरा हैदराबादेत वॉचमन होता, सणाला यायचा आणि झोपून जायचा. वावर, बैल, विहिरीवरची मोटर, सगळं हिच्याच अंगावर. एकदा ऐन उन्हाळ्यात मोटर जळली. उस्ताद म्हणाले, चार दिवसांनी ये. ही गेलीच नाही. बारदान्यावर बसून राहिली. पहिला दिवस नुसती बघत बसली, दुसऱ्या दिवशी उस्तादांनी तारेचं एक टोक तिच्या हातात दिलं, म्हणाले, धर. गोधड्या शिवलेली बोटं. बोअरच्या मोटरला तार भरायची म्हणजे गोधडीचंच काम. प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली तार एकेका खाचेतून सुईत दोरा ओवावा तशी ओवायची, एका मोटरला हजाराच्या घरात वेळा. कुठं नख लागलं, पापुद्रा फाटला, की पाणी आत शिरलं आणि मोटर गेली. संध्याकाळी उस्तादांच्या घरच्या बिलकीसभाभींनी चहा आणला. त्यांनी तिचे हात बघितले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "इसको रख लेव जी. तुमच्यापेक्षा साफ भरती ही."

उस्तादांनी ठेवून घेतलं. उमाशंकर तिच्याआधी वर्षभर तिथं होता. रेड्यासारखा ताकदीचा, खांद्यावर पाईप घेऊन विहिरीत उतरायचा. तिला तेव्हापासून आक्का म्हणायचा.

दोघांना मीटरं उस्तादांनीच शिकवली. उस्तादांना लिहिता येत नव्हतं, पण वावरातला पाट ठाऊक होता आणि तेवढ्यावर त्यांचं भागायचं.

"पाण्याचा पाट ध्यानात घे," ते म्हणायचे. "पाणी वरून खाली येतं. वर आन् खाली, फरक किती, हे बघायला पाण्यात उतरावं लागतं का? न्हाई. एक हात वर लावायचा, एक खाली. ह्यो व्होल्टमीटर. दोन तारांच्या मधी आडवा बसतो, सोता पाणी पीत न्हाई. प्याला तर चमचाभर. आन् ॲमीटर? त्याला पाटाच्या मधोमध उभं करायचं. जेवढं पाणी मोटरला जाईल तेवढं सगळं त्याच्या अंगावरनं गेलं पायजे. म्हणून त्याला आतून वाट मोकळी ठेवलेली असती. अडवलं तर मोजणार काय?"

पंधरा दिवसांत तुळजाबाईनं ॲमीटर व्होल्टमीटरच्या जागी आडवा लावला. फट्ट आवाज झाला, काटा कडेला आपटून वाकला, काचेच्या आत धूर. मोकळी वाट दिसल्यावर सगळी वीज त्याच्यातूनच पळाली. तिला वाटलं, आता हाकलणार. उस्ताद म्हणाले, "पाटात उभं राहणाऱ्याला तू धबधब्याखाली धरलंस की गं. मेला बिचारा. पर तू आता जलमभर इसरायची न्हाईस." विसरली नाही.

मेगर हे उस्तादांचं लाडकं. डब्यासारखं यंत्र, बाजूला मूठ. मूठ गरागरा फिरवली की ते स्वतःच पाचशे व्होल्ट तयार करतं आणि तारेच्या पापुद्र्याला विचारतं, कुठं गळतंय का? काटा शून्याकडं पडला तर तार मोटरच्या अंगाला लागली. काटा दुसऱ्या टोकाला, आडव्या आठावर, म्हणजे अनंताच्या खुणेवर गेला तर भरणं चोख. दुकानाची रीत अशी, की ती मूठ गिऱ्हाइकानंच फिरवायची. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको. टोंग टेस्टर पुष्कळ मागाहून आला. त्याला तार तोडावी लागत नाही, सोडावी लागत नाही. चिमटा उघडायचा, तार आत घ्यायची, मिटायचा. तारेतून किती वीज पळतेय ते तारेच्या भोवतालच्या ओढीवरनं सांगतो. उस्ताद त्याला हकीम म्हणायचे. नाडी बघतो, सुई टोचत नाही.

आणि एक कायदा होता. भरणारानं बोअरवर जायचं नाही, बसवणारानं खाचेत हात घालायचा नाही. फार पूर्वी उस्तादांच्या दोन माणसांनी गिऱ्हाइकासमोर एकमेकांच्या कामातल्या चुका काढल्या होत्या, दुकानाचं हसं झालं होतं. तेव्हापासून हा कायदा. तुळजाबाईनं दुकानात बसून मोटर भरायची, उमाशंकरनं ती नेऊन बोअरमध्ये सोडायची, चालू करायची आणि पॅनेलवरचे दोन काटे बघून फोन करायचा.

"आक्का, चारशे दहा, आठ."

म्हणजे दाब चारशे दहा व्होल्ट, मोटर ओढतेय आठ अँपिअर. पाच हॉर्सची मोटर साडेआठपर्यंत ओढली तरी चालते. ती म्हणायची, "बरं." झालं. वर्षानुवर्षं ती त्याच्या तोंडानं बोअर बघत आली होती. ज्या बोअरमधनं अर्धा तालुका पाणी प्यायचा, त्यांतला एकही तिनं डोळ्यांनी बघितला नव्हता.

तळेगव्हाणची मोटर पहिल्यांदा जळली तेव्हा तिनं मुकाट्यानं परत भरून दिली. दुसऱ्यांदा जळली तेव्हा उमाशंकर दुकानात येऊन बसला. बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

"आक्का, राग नको धरू. पन्नाशी उलटली तुझी. ओवताना कुठं नख लागत आसंल. तुला दिसत नसंल."

"मेगरनं तर चोख दाखवली."

"मेगर दुकानात कोरड्यात. खाली पाण्यात आठ दिस राहिल्यावर बारीक चीर कळती." आणि मग मायेनं म्हणाला, "चल, लातूरला डोळे दाखवू. म्या नेतो."

त्यानं नेलंही. मोटरसायकलवर, अहमदपूर-चाकूर करत. दवाखान्यात चार तास बाकड्यावर बसून राहिला. डॉक्टर म्हणाले, जवळचा थोडा नंबर आहे, वयाच्या मानानं नजर चांगली. बाहेर आल्यावर उमाशंकर म्हणाला, "चांगली म्हणजे पुरी न्हाई ना." चष्म्याची दांडी त्यानंच निवडली. काळी घे, काम करताना मळत नाही. येताना तिला गरम भजी खाऊ घातली. त्या दिवशी घरी येऊन तुळजाबाईनं दिव्याखाली आपली बोटं उलटीपालटी करून बघितली होती. नखं बुडापासून काढून टाकली. आता पुरे, दुकान बंद करावं, असं तिच्या मनात पहिल्यांदा आलं.

आणि आता ही तिसरी.

भुजंगबापू गेल्यावर तिनं जळकी तार कापून बाहेर ओढली आणि फरशीवर पसरली. चष्मा लावला, काढला, परत लावला. पापुद्रा एके ठिकाणी फाटला असता तर तिथं काळा डाग पडला असता, लोखंडाला तांबं चिकटलं असतं, बाकीची तार अर्धी कच्ची राहिली असती. तसं काहीच नव्हतं. तिन्ही फेजची तार वरपासून खालपर्यंत सारखी काळी. तव्यावरची भाकरी निगुतीनं चहूकडून भाजावी तशी.

अशी मोटर भाजते ती जास्त ओढल्यानं. दाब कमी पडला की मोटर तेवढंच पाणी वर काढायला जास्त वीज ओढते आणि तापत जाते. पण चारशे दहा आणि आठ म्हणजे ना दाब कमी, ना ओढ जास्त. ती भिंतीला टेकून बसली. भाकरी करपलीय आणि माणूस म्हणतंय चुलीत जाळच नव्हता. दोन्ही खरं कसं असंल?

तिनं मोटर भरली. सहा दिवस लावले. भुजंगबापूंनी मूठ फिरवली, काटा आडव्या आठावर जाऊन टेकला. उमाशंकर मोटर घेऊन गेला आणि दुपारी फोन आला.

"आक्का, चारशे दहा, आठ."

ती बरं म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोंग आणि मल्टिमीटर पिशवीत घालून तिनं तळेगव्हाणची जीप धरली. उस्तादांचा कायदा मोडताना तिला चोरी करायला निघाल्यासारखं वाटत होतं.

पाण्याच्या मोटरचं पॅनेल होतं शाळेच्या भिंतीला लागून एका खोलीत, आणि बोअर पार ओढ्याकाठी. मधे सातशे फूट केबल जमिनीखालून. भुजंगबापू किल्ली घेऊन आले.

"तू आलीस? इतक्या सालात पयल्यांदा गाव बघितलंस आमचं. चहा टाकायला सांगू?"

"आधी मोटर चालू करा."

मोटर चालू झाली. व्होल्टमीटर चारशे दहा. ॲमीटरचा काटा थरथरला आणि आठावर येऊन बसला. अगदी आठावर. उमाशंकर खोटं बोलला नाही म्हणून तिला बरं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही. कारण काटा खरा तर मग नख लागतंय हे खरं, डोळे गेले हेही खरं. तिनं टोंग उघडला, मोटरला जाणारी एक तार चिमट्यात घेतली.

अकरा.

सेल उतरला असंल म्हणून तिनं दुसरी तार घेतली. अकरा. तिसरी. अकराला पाव कमी.

"दोघांत खरं कोण बोलायलंय?" बापूंनी विचारलं.

"कळंल आता. बंद करा. मेन खाली वढा."

तिनं पॅनेलची झडप उघडून ॲमीटरची पाठ बघितली. दोन बोल्ट. एका बोल्टातून वीज आत यायची, दुसऱ्यातून बाहेर जायची. त्या दोन बोल्टांना जोडून वीतभर तार मागच्या मागं वाकवून बसवली होती. पाटाला बगल फोडावी आणि थोडं पाणी आडबाजूनं काढून पुढं परत पाटात सोडावं, तसं. मधे उभा राहिलेला आपल्या अंगावरनं गेलेलं पाणी इमानानं मोजतोय. त्याला काय ठाऊक, बाजूनं किती गेलं.

तार पापुद्र्याची होती. तिच्याच दुकानातली. टोकं बोल्टाला डावीकडून तीन वेढे देऊन गुंडाळलेली आणि शेवटचं शेपूट पकडीनं आत मुडपलेलं. उस्ताद डावरे होते. असा डावा वेढा तालुक्यात दोघांनाच बसला होता. एक ती.

भुजंगबापू वाट बघत होते. ते मागनं म्हणाले, "तू भरलेली ही मोटर पयल्यांदा सोडली ना, तवा दोन दिस लई ट्रिप मारायली. मंग उमाशंकर आला, दुपारभर ह्याच्यात डोकं घालून बसला. मंग कदी ट्रिप झाली न्हाई."

तिनं खालची रिले बघितली. जास्त ओढलं की मोटर बंद करणारी ती राखणदार. साडेआठावर असायची, ती बारावर फिरवून ठेवलेली.

दुपारभर. म्हणजे अंदाजानं लावली नव्हती. तारेचा एक तुकडा लावायचा, काटा बघायचा, नऊ दाखवतोय, मग दुसरा जरा आखूड लावायचा. अकरा ओढणाऱ्या मोटरचा काटा बरोबर आठावर येईपर्यंत तो इथं, ह्याच फरशीवर उभा राहून तुकडे बदलत राहिला होता. आणि जमल्यावर हात पुसून त्यानं फोन लावला होता.

ती तार सोडवून हातात घेतली आणि बापूंना घेऊन ती बोअरपर्यंत चालत गेली. बापूंनी शाळेपाशी फोन करून परत मोटर चालू करायला लावली. बोअरच्या तोंडाशी डबीत मल्टिमीटर लावला. तीनशे साठ. शाळेपाशी चारशे दहा, ओढ्यापाशी तीनशे साठ. पन्नास व्होल्ट वाटेतच जिरत होते.

"केबल कोणती टाकली बापू?"

"जुनीच. आधीच्या दोन हॉर्सच्या मोटरची होती तीच. नवी टाकायची तर सिमेंटचा रस्ता फोडावा लागत होता, मारुतीपुढचा. उमाशंकर भर सभेत म्हणला, जुनी पाच हॉर्स आरामात वढती, म्या जिम्मेदार. टाळ्या वाजवल्या की लोकांनी."

टाळ्या. एवढंच होतं. पैशाचा लोभ नाही, जुनं वैर नाही, काही नाही. भर सभेत बोललेला शब्द परत घ्यायची लाज.

तेवढ्यात उमाशंकर आला. कुणीतरी फोन केला असणार. गाडी उभी करून तो बोअरपाशी आला, तिच्या हातातला मीटर बघितला आणि हसायला गेला.

"आक्का, तू बोअरवर? उस्तादांचा कायदा मोडलास?"

"तू चष्मा घेऊन दिलास, म्हणलं वापरून बघावा."

तिनं वीतभर तार त्याच्यापुढं धरली. घेतली नाही त्यानं.

"बापूंसमोर नको," तो हळू बोलला. "कंपनीचा मीटर खराब निघाला म्हण. केबल म्या बदलून देतो, हळूच. माझं नाव घेऊ नको आक्का. तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई."

"आन् माझं नाव तीनदा कुणी घेतलं रं? लातूरला चार तास बाकड्यावर बसलास. चार तासांत एकदा तरी तोंड उघडायचं होतंस. भजी खायच्या आधी सांगितलं असतंस तरी म्या तुझ्यासंगं येऊन रातोरात रस्ता खणला असता."

"मला वाटलं, चालंल. थंडीत दाब वाढतो..."

"तुला वाटलं म्हातारीचे डोळे गेले म्हणलं की खपंल."

"तसं न्हवं गं."

"तसंच हाय."

भुजंगबापू जवळ आले. "काय झालं? कुणाची चूक म्हणायची ही?"

तुळजाबाईनं उमाशंकरकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली होती. टकलावर ऊन चमकत होतं. उस्तादांच्या अंगणात त्याच डोक्यावर केस होते आणि तिनं त्यातलं वार्निश रॉकेलनं काढलं होतं. तिला तोंडात आलेलं गिळता आलं असतं. गिळलं नाही.

"भरणं चोख हाय, बापू. तीनदाबी चोखच होतं. केबल बारीक हाय, आन् ते कुणाला दिसू नये म्हणून मीटरला ही बगल लावली. कुणी लावली ते ह्यालाच इचारा. उभा हाय."

बापूंनी विचारलं नाही. विचारायची गरज राहिली नव्हती. ते फक्त म्हणाले, "आरं उमाशंकर, माझी म्हातारी ओढ्याला गेली रं." तो गाडीपाशी गेला, किक मारली, दोनदा मारली, तिसऱ्यांदा सुरू झाली.

शाळेपाशी येऊन तिनं रिले साडेआठावर आणली आणि बापूंना मोटर चालू करायला सांगितली. काटा अकरावर गेला. थोड्या वेळात रिलेनं मोटर खाडकन बंद केली. भोवती पाच-सहा माणसं जमली होती. ती म्हणाली, "असंच बंद पडू द्या. परत चालू करायची न्हाई. केबल टाकल्याबिगर हात लावाल तर चौथ्यांदा माझ्या दारात येऊ नका." मारुतीपुढचा रस्ता फोडायचा का दुसरीकडून न्यायची यावर त्यांची लगेच भांडणं सुरू झाली. त्या भांडणातच कुणीतरी तिला चहा दिला. तो तिनं उभ्यानं प्याला.

जीपमध्ये तिला रडू आलं नाही. राग येत होता, तोही स्वतःचा. दोन मीटरं एका तारेवर लावून पडताळायची, हे ती गिऱ्हाइकाला सांगायची. आणि स्वतः जन्मभर एकाच काट्यावर बसली होती, तोही दुसऱ्याच्या तोंडातला.

दुकान उघडलं तेव्हा दीड वाजला होता. ओट्यावर सावरगावकडची एक बाई मोटर घेऊन बसली होती. पदरानं वारा घेत म्हणाली, "कवाची बसलेय बाई. गुरवारपर्यंत व्हईल का?"

"शुक्रवार. बसवणार कोण?"

"उमाशंकर. दुसरं कोण हाय?"

तुळजाबाईनं मोटर लाकडी ठोकळ्यावर चढवली. बराच वेळ नट सोडत राहिली.

"बसवू द्या त्यालाच," ती शेवटी म्हणाली. "हात चांगला हाय त्याचा. पर त्यो बसवायच्या दिवशी मला गाडी पाठवा. आकडा म्या बघीन."

"तुमी? बोअरवर?"

"हाव. का, म्या गेल्यावर पाणी आटतं का तुमचं?"

ती बाई हसली. तुळजाबाईनं आतलं पाणी घमेल्यात ओतलं, पकडीनं जळक्या तारेचं टोक धरलं, पाय ठोकळ्याला रेटून लावला आणि ओढायला सुरुवात केली.